अडीच इंच

मी पहिल्या वर्षाला आले तेव्हा आपल्या मराठी विभागाच्या दाराची वाट ३० इंच होती. माझी खुर्ची २५ इंच रुंद. उरले पाच. डावीकडे अडीच, उजवीकडे अडीच.

तुम्ही सगळे गप्पा मारत, मोबाइल बघत, एकमेकांना ढकलत त्या दारातून आत जायचात. माझं तसं नव्हतं. आधी व्हरांड्यात दाराच्या बरोबर समोर यायचं. खुर्ची सरळ करायची. वेग सगळ्यात कमी करायचा. मग उजव्या हाताच्या बोटांनी जॉयस्टिक तांदळाच्या दाण्याएवढी पुढे ढकलायची. पुढची छोटी चाकं उंबरठ्याच्या पट्टीवर चढली की खुर्ची जराशी वाकडी व्हायची. तेवढ्यात सावरलं तर आत, नाही तर चौकटीला खर्रर्र.

चौकटीच्या डाव्या बाजूला जे ओरखडे आहेत ना, ते सगळे माझे. आमच्या वर्गातल्या एका महाभागानं तर प्रत्येक ओरखड्याशेजारी पेन्सिलीनं तारीख घालायला सुरुवात केली होती. म्हणायचा, "ही तुझी हजेरी." पहिल्या वर्षाचे ओरखडे चार. दुसऱ्या वर्षाचे, डिसेंबरपर्यंतच, एकोणीस.

सगळे हसायचे, मीही हसायचे. पण एकोणीस हा आकडा मला घरी गेल्यावर झोपू देत नव्हता. कारण दार तेच होतं, खुर्ची तीच होती. बदलत होता तो माझा हात.

मला एसएमए आहे, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी. त्यातला दुसरा प्रकार, ज्यात मूल बसू शकतं पण आपलं आपण चालू शकत नाही. पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी स्नायूंपर्यंत हुकूम पोचवतात, त्या कमी होत जातात. आमच्या आजीनं याचं सोपं मराठी केलं आहे: "पत्र लिहिणारा ठणठणीत आहे, पत्र घेणाराही घरी आहे, पोस्टमन तेवढे कमी होत चाललेत." थंडीत उरलेले पोस्टमनही सुट्टीवर जातात. इंदूरच्या डिसेंबरमध्ये सकाळी आठच्या तासाला माझी बोटं म्हणजे लाकडाच्या चमच्यासारखी होतात.

या खुर्चीचं माझ्या आयुष्यात काय स्थान आहे, ते आधी सांगते. नववीपर्यंत माझी साधी खुर्ची होती. साधी म्हणजे कुणीतरी ढकलायची. आई, बाबा, शाळेतल्या मावशी. नववीत बाबांनी पीएफमधून पैसे काढले आणि बॅटरीची खुर्ची आली. लोक अजून विचारतात, "पहिल्यांदा एकटी कुठे गेलीस?" त्यांना वाटतं मी राजवाडा किंवा छप्पन दुकान असं काही सांगीन. मी गेले होते स्वयंपाकघरातून आजीच्या खोलीत. बारा पावलं असतील. कारण आईशी माझं भांडण झालं होतं आणि मी रागावून निघून गेले.

तोपर्यंत मला कधी रागावून निघून जाताच आलं नव्हतं. ज्याच्यावर रागवायचं, त्यालाच म्हणावं लागायचं, "मला जरा त्या खोलीत ने ना." त्या एका वाक्यात राग संपायचा. त्या दिवशी मी जॉयस्टिक दाबली, वळले, आजीच्या खोलीत गेले आणि खुर्चीच्या पायांनीच दार लोटून घेतलं. बाहेर आई रडत होती. मला वाटलं, मी जास्तच बोलले. रात्री आजी म्हणाली, "वेडे, तुझ्या बोलण्यानं नाही. तू निघून गेलीस म्हणून रडून राहिली होती ती. खुशीनं."

आता डिसेंबरकडे येते.

वार्षिक स्नेहसंमेलनाच्या आधीचा आठवडा होता. व्हरांड्यात ही गर्दी. मी ग्रंथालयाकडून येत होते. पहिल्या वर्षाची एक मुलगी वही वाचत वाचत समोर आली. मला ती दिसली होती. जॉयस्टिकचं असं असतं की बोट सोडलं की ती आपोआप मध्यावर येते आणि खुर्ची थांबते. मी हुकूम दिला: सोड. बोटांनी सोडलं नाही. एक सेकंद, फार तर दीड. खुर्ची आणि मी मिळून सव्वाशे किलो. तिच्या पायाच्या अंगठ्याचं नख गेलं.

ती बिचारी रडत रडत म्हणत होती, "ताई, काही नाही झालं." आणि मी पांढरी पडले होते.

घरी ठरायला वेळ लागला नाही. आई म्हणाली, "उद्यापासून तुझ्याबरोबर कुणीतरी येईल." बाबांनी चौकशीही केली होती. खुर्चीच्या मागच्या दांड्यावर दुसरी जॉयस्टिक बसवता येते. मागच्या माणसानं ती चालू केली की बसलेल्या माणसाची बंद होते. कॉलेजातूनही प्रेमानंच सुचवण्यात आलं की असं काही केलं तर सगळ्यांनाच बरं पडेल. कुणाचाच सूर वाईट नव्हता. आणि मला उत्तर देता येत नव्हतं, कारण त्या मुलीच्या अंगठ्याला बांधलेली पट्टी मी रोज बघत होते.

तरी रात्री एकच विचार यायचा. म्हणजे आता पुन्हा "मला जरा त्या खोलीत ने ना."

नाताळच्या सुट्टीत माझा मावसभाऊ घरी आला. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी त्याला दादा म्हणते. तो म्हणाला, "गाड्यांना मागे घेताना टूं टूं वाजतं, तसं तुझ्या खुर्चीला का नाही?" आम्ही दोघं इंटरनेटवर बसलो. मला वाटत होतं आपण काहीतरी नवीन शोधून राहिलोय. तर हे काम माझ्या जन्माच्या आधीपासून चाललंय.

बॅटरीवर चालणारी खुर्ची कॅनडातल्या जॉर्ज क्लाइन नावाच्या अभियंत्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी घडवली. त्यांच्यातले काहीजण मानेखाली काहीच हलवू शकत नव्हते. म्हणजे मोटार आली, चाकं आली. पण ती चालवायला जो हात लागतो, तोच नसेल तर काय, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून तिथे बसलेलाच होता. त्यावर उपाय निघाले. हनुवटीनं चालवायची जॉयस्टिक. डोक्यामागच्या उशीतली बटणं. तोंडात धरायची नळी: जोरात फुंकलं की पुढे, जोरात ओढलं की मागे, हळू फुंकलं की एका बाजूला, हळू ओढलं की दुसऱ्या. तुम्ही करून बघा. श्वासाच्या चार हुकमांवर अडीच इंचांतून जायचं! सन २००० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टर-थेरपिस्ट मंडळींना विचारून एक पाहणी छापली गेली होती. बॅटरीची खुर्ची मिळालेल्या त्यांच्या रुग्णांपैकी ४० टक्के लोकांना ती वळवणं, अडचणीतून काढणं कठीण किंवा अशक्य जात होतं. हे वाचून मला, खरं सांगते, हायसं वाटलं. चौकटीला घासणारी मी एकटी नव्हते.

म्हणून मग खुर्चीलाच डोळे द्यायची कल्पना आली. १९८७ पासून एडिंबरा विद्यापीठाच्या एका केंद्रात अपंग मुलांसाठी अशी खुर्ची बनत होती. जमिनीवर पट्टी चिकटवायची, खुर्ची त्या पट्टीवरून चालणार. कशाला धडकली तर थांबणार किंवा मागे सरून वळणार. मला आवडलं ते हे की तिथे धडकणं हा गुन्हा नव्हता. धडकून मूल शिकणार असंच धरलेलं होतं, आणि मूल जसजसं शिकेल तसतशी खुर्चीची मदत कमी करता येत होती.

पुढे १९९०च्या दशकात मिशिगन विद्यापीठात नॅव्हचेअर नावाची खुर्ची झाली. समोर बारा सेन्सर. वटवाघळासारखे ते ऐकू न येणारा आवाज सोडतात आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतात. माणूस जॉयस्टिक ढकलतो, खुर्ची समोरचं बघते, आणि दोघांचं मिळून ठरतं कुठे जायचं. दादानं तिथलं एक वाक्य वाचलं आणि मोठ्यांदा हसला. रोबोला अडथळे चुकवायला शिकवलेली पद्धत त्यांनी खुर्चीला लावली, तर खुर्ची दारातून जाईना! कारण चौकट दोन्ही बाजूंनी इतकी जवळ येते की सेन्सरला दार हे दार वाटतच नाही, भिंतच वाटते. शेवटी त्यांना हिशेबाची पद्धत बदलावी लागली आणि दारासाठी वेगळी, मोकळ्या जागेसाठी वेगळी, भिंतीकडेनं चालायला वेगळी अशी वागण्याची तऱ्हा शिकवावी लागली.

यातली खरी गोम मला दोन दिवसांनी कळली. टेबलाजवळ जाणं आणि टेबलावर आदळणं, शेवटच्या हातभर अंतरापर्यंत अगदी सारखं दिसतं. फरक असतो तो फक्त बसलेल्या माणसाच्या मनात. खुर्चीला कितीही डोळे द्या, मला टेबलावर लिहायचंय की माझा हात अडकलाय, हे तिला डोळ्यांनी कळणार नाही. मला धडकू द्यायचं नाही असा पक्का निश्चय केलेली खुर्ची मला कुठल्याच दारातून जाऊ देणार नाही.

दादानं महाराणी रोडवरून आवाजाचे सहा सेन्सर आणले. एकेकाची किंमत पाच-सहा कचोऱ्यांएवढी. एक आर्डुइनोची पाटी, एक बझर, वायरी. एका गोष्टीवर तो अडून बसला. "मोटारच्या वायरिंगला मी हात लावणार नाही. एका चुकीत खुर्ची पळत सुटेल. मी फक्त सांगणारं यंत्र बनवीन, चालवणारी तूच." त्या वेळी मला तो भित्रा वाटला. आता वाटतं, सगळ्यात शहाणपणाचं तो तेव्हाच बोलला.

रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर परीक्षा सुरू झाली. भिंत बरोबर ओळखली. तुळशीचं वृंदावन ओळखलं. खिडकीचा जाड पडदा ओळखला नाही, कारण मऊ कापड आवाज गिळून टाकतं, परत पाठवतच नाही. तिरक्या उभ्या केलेल्या पाटाला बझर गप्प, कारण आवाज आपटून भलतीकडेच गेला. आणि ओसरीच्या पायऱ्यांपाशी तर आम्हाला घामच फुटला. सेन्सर समोर बघतो, खाली नाही. समोर काहीच नाही, म्हणजे रस्ता मोकळा! त्याच्या हिशेबात तीन पायऱ्या म्हणजे नेहरू स्टेडियम. दादानं दोन सेन्सर खाली तोंड करून लावले तेव्हा कुठे जमीन संपल्याचं कळायला लागलं.

मग दार. माजघराचं दार, तेही जेमतेम. मी जवळ गेले आणि बझर ओरडायला लागला. आणखी जवळ गेले, आणखी जोरात. दोन्ही बाजूंनी टूंटूंटूंटूं. माझा हात बिचकला आणि खुर्ची चौकटीला घासली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आत जपमाळ घेऊन बसलेली आजी म्हणाली, "काय रे, हिची आईच बसवलीस काय त्या डब्यात?"

आई तिथेच भाजी निवडत होती. ती काही बोलली नाही.

थोड्या वेळानं ती उठली, हात पुसले आणि म्हणाली, "मला बसू दे त्यात." मला वाटलं रागावली. नाही. दादानं आणि बाबांनी मला दिवाणावर बसवलं आणि आई माझ्या खुर्चीत बसली. पाच वर्षं तिनं ही खुर्ची पुसली होती, चार्ज केली होती, टेम्पोत चढवली होती. बसली कधीच नव्हती. तिनं जॉयस्टिक धरली, खुर्ची झटक्यात पुढे गेली आणि ती "अगंबाई!" म्हणून ओरडली. आम्ही सगळे हसलो. मग ती दारासमोर आली.

"आई, हळू," मी म्हटलं. "जरा डावीकडे. नको नको, एवढं नको. सरळ कर. अगं थांब! लागेल! आधी मागे ये ना..."

आई माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तू जरा गप्प बस ना. मला करू दे."

आणि मग आम्ही दोघीही गप्प झालो.

ती दोनदा चौकटीला घासली. तिसऱ्या वेळी आत गेली. आतून तिचा आवाज आला, "दर दाराला असं करतेस तू?" मी म्हटलं, "दर दाराला." तिनं पुढे विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

त्या रात्री दादानं प्रोग्रॅम बदलला. बझर काढला. त्याऐवजी दोन्ही हातांच्या टेकूंखाली मोबाइलमध्ये थरथरायला असते तसली एकेक छोटी मोटार लावली. आणि हिशेब उलटा केला. आधी यंत्र सांगत होतं, "जवळ आलीस, जवळ आलीस." आता दारात ते एवढंच बघतं की डावी बाजू जास्त जवळ आहे की उजवी. डावी असेल तर डावा टेकू थरथरतो. दोन्हीकडे सारखं अंतर असेल तर यंत्र गप्प. अडीच-अडीच म्हणजे शांतता. मी नीट चालवत असले की ते मला त्रास देत नाही. कुणालाही ऐकू येत नाही, कुणी वळून बघत नाही. मदत कशी असावी असं मला कुणी विचारलं तर मी त्या डब्याकडे बोट दाखवीन.

पण डबा बोटांचा प्रश्न सोडवत नव्हता. बोट सुटलंच नाही तर? जानेवारीत आम्ही थेरपिस्टकडे गेलो. मी मनाची तयारी केली होती की बाई आता नळीचं नाव काढणार. त्यांनी दहा मिनिटं माझा हात नुसता बघितला. म्हणाल्या, "जॉयस्टिक चुकीच्या जागी आहे. तू खांद्यातून ढकलतेस." जॉयस्टिकचा दांडा त्यांनी दोन इंच आत घेतला, कोपराखाली फोम दिला, आणि टेक्निशियनला बसवून खुर्चीचा सगळ्यात जास्त वेग आणि झटका कमी करून घेतला. खुर्चीतच ही सोय असते, आम्हाला पाच वर्षं माहिती नव्हतं. आणि थंडीत हातमोजा, बोटं कापलेला. बास.

मला एड रॉबर्ट्सची गोष्ट आठवली. तीही त्याच सुट्टीत वाचली होती. चौदाव्या वर्षी, १९५३ मध्ये त्याला पोलिओ झाला. हातापायांची दोन-चार बोटं तेवढी हलायची. १९६२ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात शिकायला गेला. बॅटरीची खुर्ची तुला चालवता येणारच नाही असं त्याला सांगितलेलं होतं. पुढे तो प्रेमात पडला. आता खुर्ची ढकलणारा माणूस सारखा मागे उभा असताना प्रेम कसं करायचं? मग बॅटरीच्या खुर्चीचा कंट्रोल उलटा फिरवून बसवून बघितला, म्हणजे ढकलायच्या ऐवजी ओढायचा. त्याच्या बोटांना ओढणं जमत होतं. तो एका दिवसात चालवायला शिकला. पुढे तो कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन विभागाचा संचालक झाला. त्याच विभागानं आधी त्याच्या नावापुढे नोकरीला अयोग्य असा शेरा मारला होता.

फेब्रुवारीपर्यंत आमच्या घरी तह झाला होता. जानेवारीभर आई माझ्याबरोबर येणार, पण वीस पावलं मागे. मग फाटकापाशी थांबणार. मग येणार नाही. ती पंधरा दिवस फाटकाजवळच्या लिंबाखाली विणकाम घेऊन बसायची, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिला बघितलंय आणि तिचे तिळगूळही खाल्लेत. त्या पहिल्या वर्षाच्या मुलीला मी सगळं सांगितलं, डबाही दाखवला. ती म्हणाली, "ताई, मीपण वाचत चालत नाही आता." तिचं नख पुन्हा आलंय.

आता दाराचं. हे सांगायला मला थोडी लाज वाटते.

फेब्रुवारीच्या अखेरीस मी त्या दारासमोर उभी होते. म्हणजे बसले होते. डावा टेकू थरथरत होता, मी सावरत होते. आपले चौकीदार काका बल्ब बदलायला शिडी घेऊन आले होते. त्यांना माझ्यामुळे थांबावं लागलं. माझी कसरत बघत त्यांनी विचारलं, "बेटा, ये दूसरा पल्ला क्यों नहीं खुलवाती?"

दुसरी झडप! तीस वर्षांपूर्वी ते कामाला लागले तेव्हा हे दार दोन झडपांचं होतं आणि दोन्ही उघडायच्या. मधे कधीतरी एक बंद केली, वरची खिटी गंजली, आणि तिच्यावर लाकडी फलक ठोकला गेला. कुठला फलक? आपल्या वाङ्मय मंडळाचा भित्तिपत्रकाचा फलक. तुम्ही सगळ्यांनी तो वाचलाय. गेल्या वर्षी माझी "मुक्त" नावाची कविता त्याच्यावर महिनाभर लागली होती. मी रोज तिच्या शेजारून चौकट घासत आत जात होते. दोन वर्षं मी, माझे आईबाबा, दादा, आपले सर आणि तुम्ही, कुणालाच ती झडप दिसली नाही. आमच्या सहा सेन्सरांनाही नाही. त्यांच्या दृष्टीनं ती भिंत होती, आणि आपल्याही.

काकांनी फलक उतरवला, खिटीवर तेल सोडलं, हातोडीचे चार ठोके घातले. ३० इंचांची वाट ६० इंचांची झाली. खर्च शून्य. आपल्या देशाच्या सरकारी नियमावलीत दाराची मोकळी वाट निदान ९०० मिलिमीटर, म्हणजे साधारण ३५ इंच असावी असं लिहिलंय. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असे नियम नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, सक्तीचे करावे लागतील. हे सगळं मला आता पाठ आहे. पण आपलं दार उघडलं ते या कशानं नाही. थांबावं लागलेल्या एका माणसानं वर बघितलं म्हणून उघडलं.

मग दादाचा डबा फुकट गेला का? नाही. तो अजून खुर्चीवर आहे. सगळ्या इंदूरच्या दारांना दुसरी झडप नाही. हे शहर २०१७ मध्ये स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि पुढे वर्षानुवर्षं पहिलंच येत राहिलं. आमच्या घराजवळचा फुटपाथ लखलखीत झाडलेला असतो आणि चढायला वीतभर उंच असतो. तिथे मला डबाही लागतो आणि चांगली खुर्चीही. आणि पोस्टमन आणखी कमी होणार आहेत, हे मला माहीत आहे. एक दिवस बोटांना ही जॉयस्टिकही जड होईल. तेव्हा डोळे असलेली, स्वतः वळणारी खुर्ची इथे मिळत असावी अशी माझी फार इच्छा आहे. अमेरिकेत आता कॅमेरे आणि रडार लावलेली उपकरणं नेहमीच्या खुर्चीवर बसवून मिळतात. एका बापानं आणि काकानं घरातल्या मुलीसाठी म्हणून ते काम सुरू केलं होतं. मला ते वाचून दादा आठवला.

त्या खुर्चीला माझी एकच अट राहील. वाटेतले खड्डे तिनं बघावेत, चौकटी तिनं सांभाळाव्यात, कुणाच्या अंगठ्यावर मला जाऊ देऊ नये. पण कुठल्या खोलीत जायचं ते मला विचारावं. आणि मी रागावून निघून जायचं म्हटलं तर "आधी शांत हो" असं न म्हणता निघावं.

जाता जाता नव्या दाराची बातमी. चौकटीवरचे ओरखडे आहेत तिथेच आहेत, तारखांसकट. भित्तिपत्रकाचा फलक आता समोरच्या भिंतीवर गेलाय. आणि परवा मी पहिल्यांदाच त्या दारातून तुमच्यासारखी आत गेले. श्वास रोखला नाही, वेग कमी केला नाही. मैत्रिणीशी बोलत बोलत, मान वळवून, समोर न बघता.

आणि सरळ पहिल्या बाकावर आदळले.

सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, "लागलं का?" मी म्हटलं, "नाही सर." मग मी आपली आपण मागे आले, वळले आणि जागेवर जाऊन बसले.